सरांना मेल टाकण्याआधी : पदवीला असताना संशोधनाचं काम कसं मागायचं

गेल्या जानेवारीत एसवायची एक मुलगी प्रॅक्टिकल संपल्यावर मागे रेंगाळली. "मॅडम, मी ६२ प्रोफेसरांना मेल केला. एकाचंही उत्तर नाही." मी मेल बघायला मागितला. तिने मोबाइल पुढे केला. ६२ पत्ते एकाच मेलमध्ये, 'टू'च्या रकान्यात एकापुढे एक. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'. म्हणजे पवईच्या मॅडमना सरळ दिसत होतं की हीच विनंती कुलाब्याच्या सरांनाही गेलीये, माटुंग्यालाही आणि खारघरलाही. लग्नाची पत्रिका अशी वाटली तर सख्खा मामासुद्धा यायचा नाही.

पोरगी हुशार होती, म्हणून जास्त वाईट वाटलं. मी कल्याणच्या पुढच्या एका डिग्री कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. त्याआधी पीएचडी करताना आमच्या गाईडकडे येणारे असे मेल चाळून ठेवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते पाच-सहा वर्षं पाहिलंय. सर मेल वाचताना मनात दोनच हिशेब करायचे. हा मुलगा माझा आणि माझ्या पीएचडीच्या मुलांचा किती वेळ खाणार? आणि तिसऱ्या आठवड्यानंतर तो दिसणार का? टक्के, विज्ञानाची आवड, शाळेतलं बक्षीस हे सगळं त्यानंतर. या दोन प्रश्नांची उत्तरं मेलमध्ये सापडली तर सर पुढे वाचायचे, नाहीतर मेल तसाच खाली सरकत जायचा. तेव्हा तयारी करायची ती या दोन उत्तरांची.

आधी लोकलचा नकाशा

मेलच्या आधी कागद घ्या आणि स्वतःचा वेळ मोजा. डोंबिवलीहून सीएसएमटी फास्ट लोकलने तास-सव्वा तास, पुढे नेव्ही नगरपर्यंत बस, घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षा. जाऊन-येऊन चार तास गेले. सेमिस्टर चालू असताना आठवड्यातून तीन दिवस कुलाब्याला येईन, असं उत्साहात लिहिलेलं वचन तिसऱ्या आठवड्यात मोडतं, आणि मोडतं ते बहुतेक वेळा न कळवता. सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचा उगम तिथेच आहे.

म्हणून आपल्या लाइनवर काय आहे ते पाहा. मध्य रेल्वेवर परळला लस आणि रोगजंतूंवर काम करणारी हाफकिन संस्था आणि प्रजनन व बाल आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था, माटुंग्याला रसायन तंत्रज्ञानाची आयसीटी (जुनी मंडळी तिला अजून यूडीसीटीच म्हणतात) आणि इंजिनिअरिंगचं व्हीजेटीआय. पवईची आयआयटी कांजूरमार्गहून जवळ. हार्बरवर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, गोवंडीला उतरलं की देवनारची सामाजिक विज्ञानाची टिस आणि लोकसंख्या विज्ञान संस्था. पनवेलकडे राहत असाल तर खारघरला कॅन्सर संशोधनाचं अॅक्ट्रेक आणि नव्या पनवेलला भूचुंबकत्व संस्था. पश्चिमेला वर्सोव्याचं मत्स्य शिक्षण संस्थान, गोरेगावला अर्थशास्त्राची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल सांताक्रूझ आणि कुर्ला दोन्हीकडून गाठता येतं. वाहतुकीपायी विज्ञानाने जागा बदलणं मुंबईला नवीन नाही. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये अलिबागला न्यावी लागली, कारण शहरात विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडलं असतं. तुम्ही तर माणूस आहात, थकता.

कागदावर दोन आकडे लिहा. कॉलेज चालू असताना आठवड्याला खरोखर किती तास देता येतील, आणि सुट्टीत सलग किती आठवडे. जिवाणूंवर काम करायचं असेल तर लक्षात ठेवा, जिवाणू वाढवायला ठेवलेली प्लेट २४ तासांनी बघायची म्हणजे बघायचीच, त्या दिवशी रविवार असो की मेगाब्लॉक. रोज दोन तास येऊन होणारं काम ओल्या लॅबमध्ये, म्हणजे जिथे जिवाणू, रसायनं हाताळतात तिथे, फार थोडं असतं. कोडिंग, आकडेवारी, मुलाखती उतरवून काढणं ही कामं घरी बसून होतात. माझं मत विचाराल तर सेमिस्टरमध्ये ओल्या लॅबच्या वाटेला जाऊच नका. मे-जूनमध्ये सलग सहा ते आठ आठवडे द्या.

पासाचाही हिशेब आत्ताच करा. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो. लॅब उलट दिशेला असेल तर पूर्ण पैशांचा पास काढावा लागेल, आणि पहिल्यांदा येणाऱ्या पदवीच्या मुलाला स्टायपेंड मिळेलच असं नाही.

मेल न करता उघडणारी दारं

मुलं परक्या संस्थांना मेल पाठवत बसतात आणि समोरचं दार विसरतात. पहिलं दार आपल्याच कॉलेजचं. स्टाफरूममध्ये एखादे सर किंवा मॅडम विद्यापीठाचा छोटा प्रकल्प चालवत असतात, एखाद्यांची पीएचडी चालू असते आणि नमुने गोळा करायला माणूस हवा असतो. तिथे वर्षभर काम करा, राज्यातल्या विद्यापीठांच्या 'आविष्कार' स्पर्धेत पोस्टर लावा. पुढच्या वर्षी मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकांना लिहिताना तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल, आणि तुमच्याबद्दल चार शब्द लिहून देणारं माणूसही.

दुसरी दारं रीतसर अर्जाची. मानखुर्दच्या केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम २००४पासून खास पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी चालतो. कुलाब्याच्या टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, व्हीएसआरपी हा कार्यक्रम उन्हाळ्यातला. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. तिचा एकच अर्ज भरायचा असतो, आणि त्यासोबत विद्यार्थी घ्यायला तयार असलेल्या शास्त्रज्ञांची यादी असते. फेलोशिप मिळो न मिळो, ही यादी सोन्यासारखी आहे. विद्यार्थी घ्यायची तयारी त्यांनी आधीच दाखवलेली असते. उन्हाळ्याच्या या अर्जांची खिडकी हिवाळ्यातच उघडते आणि बंद होते, म्हणून दिवाळीची सुट्टी संपली की संस्थांच्या वेबसाइट बघायला लागा. एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांसाठी फक्त मेलची वाट उरते.

'इन्स्पायर' शिष्यवृत्ती मिळत असेल तर वर्षाच्या ८० हजारांपैकी २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात, आणि तो मार्गदर्शकाखाली करावा लागतो. मेलमध्ये हे जरूर सांगा. तुमच्या खर्चाचा प्रश्न सरांवर येणार नाही, हे त्यांना त्यातून कळतं. चार वर्षांच्या नव्या पदवीला असाल आणि शेवटच्या वर्षी संशोधनाची शाखा हवी असेल, तर यूजीसीच्या २०२२च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. तेव्हा लॅबच्या नादात एसवायचे पेपर घालवू नका.

सरांचं काय वाचायचं

टीवायला असताना मी एका मोठ्या संस्थेतल्या सरांना मेल केला होता. त्यांच्या एका पेपरचं (शोधनिबंधाचं) तोंडभर कौतुक केलं होतं, 'आउटस्टँडिंग' हा शब्द दोनदा. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं : तो विषय मी दहा वर्षांपूर्वी सोडला, सध्या काय करतो ते अमुक पानावर आहे, वाचून पुन्हा लिहा. मी लाजेने दोन आठवडे पुन्हा लिहिलंच नाही. लिहिलं तेव्हा त्यांनी भेटायला बोलावलं, पण तोवर सुट्टीतली जागा गेली होती. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारा पेपर बहुतेक वेळा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त उद्धृत झालेला असतो. तिथेच माझी फसगत झाली होती.

म्हणून गूगल स्कॉलरवर प्राध्यापकाचं नाव उघडलं की यादी वर्षाप्रमाणे लावा आणि गेल्या दोन-तीन वर्षांचं पाहा. मग पेपरच्या शेवटी, आभाराच्या परिच्छेदात जा. पैसे कोणी दिले, प्रकल्प कोणता, लॅबमधल्या कोणाकोणाचे आभार मानलेत, सगळं तिथे असतं. नुकताच सुरू झालेला प्रकल्प म्हणजे हात हवेत. शेवटच्या पेपरला चार वर्षं झाली असतील तर सर बहुधा डीन झाले असतील किंवा निवृत्तीच्या तोंडावर असतील.

पेपर पूर्ण समजणार नाही. मलाही एसवायला समजले नसते. सारांश वाचा, मग सगळी चित्रं आणि तक्ते बघा, मग चर्चेचा शेवटचा परिच्छेद, जिथे 'हे अजून कळलेलं नाही' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मधल्या पद्धतींच्या भागात तुम्ही प्रॅक्टिकलला केलेलं एखादं तंत्र दिसलं तर खूण करून ठेवा. एका पेपरला एक संध्याकाळ पुरे.

याहून सोपी, फारशी कुणी न वापरणारी वाट म्हणजे 'शोधगंगा'. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, आणि गाईडच्या नावाने शोधता येतात. पेपर चार ओळींत उरकतो ते प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात वीस पानं समजावून सांगितलेलं असतं. सरांच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचून आलेला मुलगा मी सहा वर्षांत एकच पाहिला. त्याला सरांनी चहा पाजला, जो ते आम्हालाही पाजत नसत.

जमलं तर प्राध्यापकांच्या आधी त्यांच्या पीएचडीच्या मुलामुलींशी बोला. तुमच्या कॉलेजचा कुणी सीनियर तिथे असतोच. "दादा, लॅबमध्ये समर स्टुडंट घेतात का? सर रोज भेटतात की महिन्यातून एकदा?" दहा मिनिटांच्या या बोलण्यातून वेबसाइटवर कधीच नसणारं कळतं. खरं सांगायचं तर उन्हाळ्यात तुम्हाला शिकवणार तेच आहेत. 'ह्या मुलीला मी सांभाळीन' असं एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने म्हटलं की सरांचा पहिला प्रश्न तिथेच मिटतो.

आर्ट्सवाल्यांसाठी

संशोधन म्हणजे लॅब, असं समजून इतिहास-समाजशास्त्राची मुलं या भानगडीत पडतच नाहीत. मला वाटतं मुंबईत त्यांची संधी सायन्सवाल्यांपेक्षा मोठी आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, दादरला १८९८पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. तुम्हाला मोडी वाचता येत असेल तर ती ओळ मेलच्या पहिल्या परिच्छेदात घाला. इंग्रजी उत्तम येणारे विद्यार्थी प्राध्यापकांना ढिगाने मिळतात. पेशवाईतला कागद समोर ठेवल्यावर 'वाचून सांगते' म्हणणारी मुलगी त्यांना क्वचित भेटते. मोडीचे वर्ग मुंबईत चालतात, एका सुट्टीत पाया तयार होतो.

समाजशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांत सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम म्हणजे मुलाखतींचं लिखित रूप करणं. तासाभराची मराठी मुलाखत उतरवायला पाच-सहा तास जातात. बोली समजणारा माणूस लागतो. तुम्ही आगरी, मालवणी किंवा वऱ्हाडी घरातले असाल तर ते मेलमध्ये सांगायची गोष्ट आहे, लपवायची नाही. या विषयांच्या मराठी प्राध्यापकांना मेल मराठीत केला तरी चालतो, उलट नीट मराठी लिहिलेलं पाहून त्यांना बरं वाटतं.

मेल

आता मेल. सायन्स, इंजिनिअरिंगला तो इंग्रजीतच जाईल. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे घाबरतात आणि कुणाकडून तरी भारी इंग्रजी लिहून घेतात. हल्ली चॅटजीपीटीकडून. त्यामुळे झालंय असं की सगळे मेल एकाच आवाजात येतात : 'आय अॅम अ हायली मोटिव्हेटेड स्टुडंट', 'आय वॉज डीपली फॅसिनेटेड बाय युअर ग्राउंडब्रेकिंग वर्क'. प्राध्यापक मंडळी दुसऱ्या ओळीला ओळखतात. आठवीच्या पुस्तकातली साधी, छोटी वाक्यं लिहा. एखादं 'द' राहिलं म्हणून कुणी नाही म्हटल्याचं मी पाहिलेलं नाही. सरांना मॅडम म्हटल्यामुळे मात्र पाहिलंय.

माझ्या त्या विद्यार्थिनीने दुसऱ्यांदा लिहिलेला मेल असा होता. आशय कळावा म्हणून मराठीत देते, नावगाव काढून.

विषय : एसवाय मायक्रोबायोलॉजी, मे-जूनमध्ये ८ आठवडे काम करण्याबाबत, खाडीच्या गाळातले जिवाणू

आदरणीय मॅडम (इथे त्यांचं आडनाव होतं),

मी अमुक कॉलेजात एसवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. खाडीच्या गाळातल्या जिवाणूंवरचा तुमचा गेल्या वर्षीचा पेपर वाचला. तक्ता २मध्ये पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांत मीठ सहन करणाऱ्या जिवाणूंची संख्या कमी दिसते. ती फक्त खाडीचं पाणी गोडं झाल्यामुळे, की वरून नवा गाळ वाहून आल्यामुळेही, हे मला पेपरवरून कळलं नाही.

कॉलेजात मी सीरियल डायल्यूशन, स्ट्रीकिंग आणि ग्रॅम स्टेनिंग स्वतः केलं आहे. पीसीआर फक्त पाहिला आहे, हाताने केलेला नाही. एक्सेलमध्ये आलेख काढता येतात.

५ मे ते ३० जून मी आठवड्याचे पाच दिवस १० ते ५ येऊ शकते. माझी परीक्षा एप्रिलमध्ये संपते. या काळात तुमच्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या हाताखाली काही काम असेल, तर १५ मिनिटं भेटायला येऊ का? मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी २नंतर मी मोकळी असते. एक पानी बायोडेटा आणि गुणपत्रिका जोडली आहे.

एवढंच. मोबाइलच्या पडद्यावर दीडदा सरकवलं की संपतो. तक्ता २चा प्रश्न फार खोल नाही, पण तो दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही. हा मेल फक्त त्या मॅडमसाठीच लिहिलाय, हे त्यातून कळतं. पीसीआरची ओळ ती काढणार होती. "मॅडम, येत नाही असं कसं लिहू?" मी ठेवायला लावली. काय शिकवावं लागेल आणि किती दिवस जातील हे त्या ओळीवरून मॅडमना लगेच कळलं असणार. आणि शेवटची विनंती बघा, 'मला संधी द्या' एवढं मोघम म्हणण्यापेक्षा १५ मिनिटं मागितलीत. एवढ्याला हो म्हणायला फारसा विचार करावा लागत नाही.

कोडिंगवाल्यांनी बायोडेटाऐवजी गिटहबवरच्या चालणाऱ्या एका प्रोग्रॅमची लिंक द्यावी. चालणाऱ्या, हा शब्द महत्त्वाचा. फाइलींना स्वतःचं नाव द्या, 'सीव्ही फायनल न्यू ३' नको. मेल कॉलेजच्या आयडीवरून गेला तर उत्तम, निदान शाळेत असताना काढलेल्या 'कूल प्रिन्स' छाप आयडीवरून तरी जाऊ देऊ नका. पैसे मागायचा विषय पहिल्या मेलमध्ये काढू नका, भेटीत काढा.

एका वेळी दोघा-तिघांनाच लिहा. एकाच विभागातल्या दोघांना एकाच दिवशी तर मुळीच नको, ती माणसं चार वाजता एकाच टेबलावर चहा पितात.

वाट बघणं

उत्तर न येणं म्हणजे नकार असतोच असं नाही. पेपर तपासणी, प्रवेश, कॉलेज तपासायला येणारी नॅकची समिती, प्रकल्पाचा अहवाल, प्राध्यापकाच्या आयुष्यात मेल हरवायला कारणं पुष्कळ. दहा दिवस थांबा. मग त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी : 'मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, वर आहे, १५ तारखेपर्यंत कळलं तर सुट्टीचं ठरवता येईल.' त्यानंतरही शांतता असेल तर सोडून द्या आणि पुढच्या नावाकडे वळा. मोबाइल नंबर मिळवून व्हॉट्सअॅप करू नका. रविवारी सकाळी 'गुड मॉर्निंग सर'ने तर कधीच नको.

विद्यापीठाच्या विभागात किंवा कॉलेजात मात्र थेट जाऊन भेटलेलं चालतं, अजूनही. कलिनाला दुपारी जेवणानंतरच्या वेळात दारावर टकटक करून "सर, दोन मिनिटं?" म्हणणाऱ्याला फार कुणी हाकलत नाही. मोठ्या राष्ट्रीय संस्थांत हे जमत नाही, गेटवरच अडवतात.

नकार आला तर आभार माना आणि एकच विचारा : या विषयावर आणखी कुणाला लिहू? दुसऱ्या मेलमध्ये 'अमुक सरांनी तुमचं नाव सुचवलं' ही ओळ आली की उत्तर येण्याचा वेग बदलतो. माझ्या विद्यार्थिनीचं काम असंच झालं. त्या खाडीवाल्या मॅडमकडे जागा नव्हती, त्यांनी दुसरीकडे पाठवलं.

एक सावधगिरी. 'रिसर्च इंटर्नशिप' देतो, प्रमाणपत्र देतो, इतके हजार भरा, असे मेसेज हल्ली मुलांच्या ग्रुपवर फिरतात. खरा गाईड काम द्यायचे पैसे मागत नाही. आणि भेट विभागात, ऑफिसच्या वेळेतच व्हायला हवी. कॅफेत किंवा घरी बोलावलं तर जाऊ नका, आपल्या कॉलेजच्या मॅडमना सांगा.

भेट

आधार कार्ड आणि कॉलेजचं ओळखपत्र, दोन्ही मूळ प्रती जवळ ठेवा. टीआयएफआर नौदलाच्या भागात आहे, आणि अणुसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणी आधीच परवानगी काढलेली नसेल तर गेटच्या आत पाऊल पडत नाही. अर्धा तास हातात ठेवून निघा. लोकल लेट होती हे कारण मुंबईत खरं असतं, तरी ते ऐकून ऐकून सगळे विटलेत.

सर ज्या भाषेत सुरुवात करतील तीच पकडा. ते मराठीत बोलले आणि तुम्ही अडखळत इंग्रजीत उत्तर देत राहिलात तर दोघंही अवघडतात. प्रश्न बहुधा तुमच्याच मेलमधून निघतात. ग्रॅम स्टेनिंग येतं म्हणालात, मग आयोडिन का घालतो? प्लेटवर वाढच दिसली नाही तर काय कराल? "माहीत नाही, पण आधी कंट्रोल प्लेट बघीन," हे उत्तर मी पास करीन. पाठ केलेली व्याख्या ऐकून आमचे सर खिडकीबाहेर बघायला लागायचे.

तुम्हीही विचारा. रोजचं काम कोण दाखवणार? कोणते दिवस यायलाच लागेल? कॉलेजचं बोनाफाईड आणि ना हरकत पत्र लागेल का? प्रवासखर्च किंवा स्टायपेंडची काही सोय आहे का? हा प्रश्न लाजून टाळू नका, उत्तर बहुतेक वेळा नाही असं येईल, पण विचारण्यात काही वावगं नाही. ना हरकत पत्राला प्राचार्यांची सही लागते आणि परीक्षेच्या दिवसांत ती सही आठवडाभर लांबते, म्हणून अर्ज दुसऱ्याच दिवशी ऑफिसात टाका. दोन ठिकाणांहून होकार आला तर ज्यांना नाही म्हणायचंय त्यांना त्याच दिवशी कळवा. तुमच्या कॉलेजातून पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांचं दार त्या मेलवर अवलंबून असतं.

काम मिळाल्यावर

पहिले दहा दिवस बाटल्या धुणं, मीडिया (जिवाणूंचं खाद्य) बनवणं, ऑटोक्लेव्हसमोर, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रासमोर, उभं राहणं. आर्ट्सवाल्यांचे पहिले दहा दिवस झेरॉक्स आणि एक्सेल. याला कुणी अपमान समजू नये. तुम्ही वजन नीट करता का, झाकण नीट लावता का, चुकलं तर सांगता का, हे तेव्हा बघितलं जातं. वही पहिल्या दिवसापासून पेनने लिहा, तारीख घालून, खाडाखोड दिसेल अशी. ती वही लॅबची असते, जाताना तिथेच ठेवायची, फोटो काढायचे तर विचारून. येता येणार नसेल त्या दिवशी सकाळी नऊच्या आत मेसेज.

शेवटच्या आठवड्यात नवीन प्रयोग घेऊ नका. दोन पानी अहवाल लिहा, आकडे कुठल्या फाइलमध्ये आहेत ते लिहा, आणि शिफारसपत्र हवं असेल तर ते त्याच आठवड्यात बोलून ठेवा, वर्षाने तुमचा चेहरा सरांना आठवेलच असं नाही. आणि फ्रीझरमधल्या प्रत्येक ट्यूबवर नाव, तारीख, आत काय आहे, हे न पुसणाऱ्या मार्करने. हे मी जरा जास्तच तावातावाने सांगते, कारण पीएचडी संपवून मी निघाले त्याला दोन वर्षं झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत लॅबमधल्या एका मुलीचा फोन आला होता. "ताई, मायनस ट्वेंटीत तुमचा डबा सापडलाय. झाकणावर 'न्यू फायनल २' लिहिलंय. आत ४० ट्यूब आहेत. काय आहे हे?" मी बराच वेळ आठवून पाहिलं. शेवटी तिला म्हटलं, ऑटोक्लेव्ह कर आणि डबा धुऊन तू वापर.